यंत्राला समजेल अशी भाषा



शाळांमधून बोलायला जातो तेव्हा मुले मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, आमचे शिक्षण उर्दूतून झाले. संगणकाला तर इंग्रजीच कळते. मग आम्हांला ते काम जमेल का?" एखादा धीट मुलगा उभा राहून विचारतो. बहुतेक वेळा मात्र भाषण संपल्यावर कोणीतरी हळूच जवळ येते आणि खाली पाहत विचारते.

हा प्रश्न ऐकून मला हसू येत नाही. माझे स्वतःचे शिक्षण नाशिक जिल्ह्यातील एका लहान गावात मराठीतून झाले. पुढे एका बँकेच्या संगणक विभागात मी बरीच वर्षे आज्ञावल्या लिहिल्या. आज्ञावली म्हणजे प्रोग्रॅम. यंत्राने कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे, हे नेमके लिहून दिलेले असते, तिला आज्ञावली म्हणतात. तेव्हा "हो, जमेल" असे म्हणून मला मोकळे होता येईल. पण कोरड्या उत्तराने कोणाला धीर येत नाही. म्हणून या आज्ञावलीच्या इतिहासातील काही टप्पे तुम्हांला सांगतो. ते वाचा आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच ठरवा.

संगणक शिकायला बसलात की पहिल्याच आठवड्यात एक शब्द कानावर पडतो, 'अल्गोरिदम'. एखादा प्रश्न सोडवण्याची पायरीपायरीने मांडलेली रीत, असा त्याचा अर्थ. तुम्ही तिला तरकीब म्हणाल. हा शब्द ऐकायला इंग्रजी वाटतो. पण खरे तर ते एका माणसाचे नाव आहे. नवव्या शतकात, खलिफा अल्-मामून याच्या काळात, बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी नावाचे एक थोर गणिती होऊन गेले. 'बैतुल हिकमत' या विद्याकेंद्राशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या एका ग्रंथाच्या नावात 'अल्-जब्र' हा शब्द होता. त्यावरूनच 'अल्जिब्रा' हा शब्द आला. दुसऱ्या एका ग्रंथात त्यांनी भारतातून आलेले अंक आणि त्यांनी हिशेब करण्याची रीत समजावून सांगितली. बाराव्या शतकात त्या ग्रंथाचे लॅटिन भाषेत भाषांतर झाले. लॅटिन लोकांच्या तोंडी 'अल्-ख्वारिझ्मी'चे 'अल्गोरित्मी' झाले आणि हळूहळू माणसाचे नाव रीतीलाच चिकटले.

आता विचार करा. अंक भारताचे. रीत लिहिणारा बगदादचा. ग्रंथ अरबी भाषेतला. प्रसार लॅटिनमधून. संगणकशास्त्राच्या पहिल्याच शब्दात इतक्या मुलुखांची भागीदारी आहे. ही विद्या कोणा एका भाषेची मालकीची नाही, हे त्या शब्दातच लिहून ठेवलेले आहे.

रीत लिहून ठेवता येते, हे माणसाला असे फार पूर्वी कळले. पण लिहिलेली रीत यंत्राने वाचावी, ही कल्पना आली ती विणकरांच्या घरातून. फ्रान्समधील ल्योन हे शहर रेशमी कापडासाठी प्रसिद्ध. तेथे जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली एक नवा माग तयार केला. नक्षीदार कापड विणताना प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे ठरवावे लागते. पूर्वी विणकराचा मदतनीस ते धागे हाताने ओढत असे. जाकारने ती नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोके पाडून उतरवली. जेथे भोक असेल तेथे सुई आत जाई आणि तिचा धागा वर उचलला जाई. जेथे भोक नसेल तेथे धागा खालीच राही. एका आडव्या धाग्यासाठी एक पट्टी. अशा शेकडो पट्ट्या माळेसारख्या ओवल्या की नक्षी तयार. माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी.

लहानपणी आमच्या शेजारी विणकरांचे घर होते. त्या घरातील चाचांच्या मागावर अशीच पुठ्ठ्यांची माळ वर लटकलेली असे. माग चालू झाला की 'खटक्' आवाज करत एकेक पट्टी पुढे सरके. मी एकदा विचारले, "चाचा, मोर कुठे आहे?" साडीच्या पदरावर तर मोर उमटत होता, पट्ट्यांवर मात्र नुसती भोकेच दिसत होती. चाचा म्हणाले, "मोर इथेच आहे. तुला वाचता येत नाही, मागाला येतो." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. पुढे आज्ञावली शिकताना त्याचा अर्थ कळला. भोक असणे आणि नसणे, या दोनच खुणांनी मोर लिहिता येतो. आजचा संगणकही सारे काही दोनच खुणांनी लिहितो, एक आणि शून्य.

जाकारची ही युक्ती इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज यांच्या मनात भरली. भोके पाडलेल्या पट्ट्यांनी कापड विणता येते, तर गणित का करता येऊ नये? १८३० नंतरच्या काळात त्यांनी 'ॲनॅलिटिकल इंजिन' नावाच्या यंत्राचे आराखडे केले. ते यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झालेच नाही. पण त्या न झालेल्या यंत्रासाठी एका तरुणीने काम लिहून ठेवले. तिचे नाव एडा लव्हलेस. लुइजी मेनाब्रेआ या इटालियन लेखकाने त्या यंत्रावर फ्रेंच भाषेत लेख लिहिला होता. एडाने त्याचे इंग्रजीत भाषांतर केले आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. १८४३ साली ते छापून आले. टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाल्या! शेवटच्या टिपेत तिने बर्नुली संख्या काढण्याची रीत पायरीपायरीने मांडली. अनेक जण तिलाच जगातील पहिली छापील आज्ञावली मानतात.

एडाने आणखी दोन गोष्टी ओळखल्या होत्या. पहिली अशी, की हे यंत्र फक्त अंकांवर चालेल असे नाही. सुरांचे नियम खुणांनी मांडता आले तर ते संगीतही रचू शकेल. दुसरी अशी, की यंत्र स्वतःहून नवे काही निर्माण करण्याचा दावा करू शकत नाही. आपण त्याला जे करायला सांगू शकतो, तेच ते करते. या दुसऱ्या मुद्द्यावर आजही मोठमोठे विद्वान वाद घालतात. विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती, त्या काळात सत्तावीस वर्षांची एक स्त्री हे लिहीत होती, आणि लेखाखाली पूर्ण नाव न देता फक्त आद्याक्षरे देत होती.

यानंतर शंभर वर्षांनी विजेवर चालणारी यंत्रे आली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनियाक' नावाचा संगणक तयार झाला. १९४६ साली तो जगाला दाखवण्यात आला. त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि त्याचे वजन सुमारे तीस टन होते. त्या यंत्राला काम सांगायचे म्हणजे शेकडो तारा एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी खोचायच्या आणि कळा फिरवायच्या. हे काम सहा तरुणींनी केले. त्यांना शिकवणारे पुस्तक नव्हते. सुरुवातीला तर यंत्राच्या खोलीत जाण्याचीही परवानगी नव्हती. यंत्राचे नकाशे वाचून वाचून त्यांनी ते यंत्र समजून घेतले. वर्तमानपत्रांत यंत्राचे आणि ते बांधणाऱ्यांचे कौतुक झाले. या सहा जणींची नावे मात्र लोकांपुढे यायला कित्येक दशके जावी लागली. म्हणून ती येथे देतो: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन.

तारा खोचण्याचा हा त्रास संपला तो इंग्लंडमधील मँचेस्टर येथे. २१ जून १९४८ रोजी तेथील एका लहानशा संगणकाने स्वतःच्या स्मृतीत साठवलेली आज्ञावली प्रथमच चालवली. टॉम किलबर्न यांनी लिहिलेल्या त्या आज्ञावलीत अवघ्या सतरा आज्ञा होत्या. उत्तर मिळायला बावन्न मिनिटे लागली. आजचा साधा फोन ते काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करील. पण महत्त्वाचे होते ते हे, की आता काम बदलण्यासाठी यंत्राच्या तारा बदलायला नकोत. त्याच्या स्मृतीतील मजकूर बदलला की पुरे. विणकराने माळ बदलावी, तसे.

तरी एक मोठी अडचण होतीच. यंत्राला सांगायचे ते आकड्यांतच सांगावे लागे. शेकडो आकडे ओळीने लिहायचे. एक आकडा चुकला की सारे बिघडले. येथे अमेरिकन नौदलातील ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंनी वेगळा विचार केला. आकड्यांत भाषांतर करणे हे जर ठरावीक नियमांचे काम असेल, तर ते माणसाने का करावे? ते यंत्रालाच का सांगू नये? १९५२ साली त्यांनी अशी एक आज्ञावली केली, की जी दुसऱ्या आज्ञावल्या जुळवून देई. अशा भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीला 'कंपायलर' म्हणतात. लोक त्यांना म्हणत, संगणक फक्त हिशेब करतो, आज्ञावल्या लिहीत नसतो. बाईंनी तिकडे लक्ष दिले नाही.

पुढे त्यांनी व्यापारी हिशेबांसाठी साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देण्याची सोय केली. मग त्यांनी एक गंमत केली. आपल्या वरिष्ठांना दाखवण्यासाठी त्यांनी तीच छोटी आज्ञावली इंग्रजी शब्दांऐवजी फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. वरिष्ठ खूश होण्याऐवजी गडबडले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कसे कळेल, असा त्यांचा समज! खरी गोष्ट अशी होती, की यंत्राला इंग्रजीही कळत नव्हते. त्याच्या दृष्टीने प्रत्येक शब्द म्हणजे फक्त एक खूण. ही खूण आली की हे काम करायचे, एवढेच त्याला ठाऊक. खूण कोणत्या भाषेतली, याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही.

मित्रांनो, येथे जरा थांबा आणि तुमचा प्रश्न पुन्हा आठवा. "संगणकाला तर इंग्रजीच कळते." सत्तर वर्षांपूर्वी ग्रेस हॉपर यांच्या वरिष्ठांचाही हाच गैरसमज झाला होता.

१९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रज्ञांसाठी 'फोरट्रान' ही भाषा आणली. १९५९ साली व्यापारी कामांसाठी 'कोबोल' भाषेची आखणी सुरू झाली. तिच्यात हॉपर यांच्या कामाचा मोठा वाटा होता. याच सुमारास आपल्या मुंबईतही काही घडत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण अभियंत्यांच्या गटाने स्वतः एक संगणक बांधला. १९६० साली तो काम करू लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. परदेशातून तयार यंत्र आणून त्याच्याकडे पाहत बसण्यापेक्षा, आपण बांधून पाहू, असे त्या तरुणांना वाटले. त्यांच्यासमोर पुस्तके आणि लेख होते. बाकी सारे हातांनी शिकायचे होते.

नंतरची एक हकीकत मला फार आवडते, कारण ती आपल्याला पुन्हा विणकामाकडे नेते. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला. त्या यानातील संगणकाची आज्ञावली मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालील गटाने लिहिली होती. ती यानात साठवली कशी असेल? अमेरिकेतील कारखान्यात कुशल स्त्रियांनी ती अक्षरशः विणली! लहान लहान चुंबकीय कड्यांमधून बारीक तार ओवली, की तो झाला 'एक'. तार कडीच्या बाहेरून नेली, की ते झाले 'शून्य'. महिनोन्महिने हे काम चाले. एकदा विणल्यावर दुरुस्ती करणे फार अवघड, म्हणून प्रत्येक टाका पुन्हा पुन्हा तपासला जाई. चांद्रयान उतरू लागले तेव्हा संगणकावर कामाचा भार एकाएकी वाढला आणि त्याने धोक्याचे इशारे द्यायला सुरुवात केली. पण त्याच्या आज्ञावलीत आधीच लिहून ठेवले होते, की भार वाढला तर कमी महत्त्वाची कामे सोडून दे आणि उतरण्याचे काम चालू ठेव. संगणकाने तेच केले. पृथ्वीवरील तज्ज्ञांनी काही क्षणांत निर्णय घेऊन पुढे जायला सांगितले आणि यान सुखरूप उतरले.

मी स्वतः आज्ञावली लिहायला शिकलो १९८० च्या सुमारास, पुण्यात. तेव्हा विद्यार्थ्याला संगणकाचे तोंडही दिसत नसे. आज्ञावलीची एकेक ओळ एकेका कार्डावर भोके पाडून उतरवायची. एका कार्डावर ऐंशी घरे. कार्डांची गड्डी रबराने बांधून खिडकीतून आत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तराचा कागद आणायला जायचे. पहिल्यांदा ती कार्डे हातात घेतली तेव्हा मला चाचांच्या मागावरची माळ आठवली. वर्गातील शहरी मुले फडाफडा इंग्रजी बोलत. मी गप्प राही. पण कार्डांच्या गड्डीला माझे इंग्रजी किती अडखळते, हे कळत नव्हते. तिला एवढेच कळे, की मी क्रम नीट लावला आहे की नाही. त्या खिडकीपुढे आम्ही सारे सारखे होतो.

कार्डावरच्या त्या ऐंशी घरांनी पुढे जगाला एक मोठा धडा दिला. जागा कमी आणि महाग, म्हणून जुन्या आज्ञावलीकारांनी वर्षाचे चार आकडे न लिहिता शेवटचे दोनच लिहिण्याची पद्धत पाडली. १९७५ ऐवजी ७५. त्यांना वाटले, आपल्या आज्ञावल्या इतकी वर्षे कोण वापरणार! पण त्या वापरात राहिल्या. २००० साल जवळ आले तेव्हा लक्षात आले, की यंत्र ००लाच १९०० समजेल. बँकेत कोणी १९९८ साली पैसे ठेवले असतील, तर २००० साली यंत्र शून्यातून अठ्ठ्याण्णव वजा करील आणि व्याज उलटे निघेल!

१९९९ हे वर्ष आम्ही बँकेत याच कामात घालवले. हजारो ओळी वाचायच्या, तारीख जेथे जेथे येते ती जागा शोधायची, दुरुस्त करायची, तपासायची. त्या ओळी लिहिणारे अनेक जण निवृत्त झाले होते. ज्यांनी आज्ञावलीत ठिकठिकाणी 'हे असे का केले' याच्या टिपा लिहून ठेवल्या होत्या, त्यांना आम्ही मनोमन दुवा देत होतो. ३१ डिसेंबरच्या रात्री आम्ही सारे कचेरीतच थांबलो. बारा वाजून गेल्यावर एका खात्याचे पासबुक छापून पाहिले. तारीख बरोबर आली. व्याज बरोबर आले. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, "काहीच तर झाले नाही. उगीच केवढा गाजावाजा!" ते ऐकून वाईट वाटले नाही असे नाही. पण धरण फुटले नाही, की ते बांधणाऱ्याची आठवण कोणाला होते? काही कामे अशीच असतात. ती चांगली झाली, याचा पुरावा म्हणजे काहीच न घडणे.

जेथे असे तपासले गेले नाही, तेथे काय होते, तेही सांगतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियान ५' हे रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि चाळीस सेकंदांच्या आसपास आकाशातच नष्ट झाले. त्याच्या आज्ञावलीचा एक भाग आधीच्या 'एरियान ४' मधून जसाच्या तसा घेतला होता. नवे रॉकेट अधिक वेगवान होते. त्याच्या वेगाशी संबंधित एक संख्या इतकी मोठी झाली, की ती ठेवलेल्या घरात मावेना. त्या घरात ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावत होती. यंत्र काही वेडे झाले नव्हते. त्याने सांगितले तेवढेच केले. जुने उत्तर नव्या प्रश्नाला लागू पडते का, हे माणसांनी पाहिले नव्हते.

आता पुन्हा भाषेकडे येऊ. संगणकाला आज्ञा कोणत्याही खुणांनी देता येतात, हे खरे. पण आपली लिपी पडद्यावर उमटायला पुष्कळ कष्ट पडले. तुम्हांला माहीत असेल, उर्दू वर्तमानपत्रे पूर्वी कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. नस्तालिक लिपीत अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आपले रूप बदलते आणि शब्द तिरका खाली उतरतो. छापखान्यातील खिळ्यांना हे जमत नव्हते. मिर्झा अहमद जमील या सुलेखनकारांनी शब्दांचे हजारो जोड सुंदर हस्ताक्षरात काढले आणि ते यंत्रात साठवले. १९८१ साली 'नूरी नस्तालिक' तयार झाली आणि लाहोरच्या 'जंग' दैनिकाने ती वापरली. कातिबाच्या हाताचे वळण संगणकात गेले. त्याबरोबर अनेक कातिबांचे काम गेले, हेही विसरता कामा नये. ल्योनच्या विणकरांनाही जाकारचा माग आला तेव्हा हीच भीती वाटली होती. नवे यंत्र काही हातांना काम देते आणि काही हातांचे काढून घेते.

देवनागरीसाठी आणि इतर भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने मोठे काम केले. १९९१ साली 'युनिकोड' ही जागतिक पद्धत प्रसिद्ध झाली. तिने प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५. उर्दू 'काफ'चा १७०५. संगणकाच्या वहीत दोघेही शेजारी शेजारी नांदतात. कोणाचा मान कमी नाही. आज शाळांमधून शिकवली जाणारी 'पायथॉन' भाषा पाहा. तिच्यात ठरावीक इंग्रजी शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. बाकीची नावे तुम्ही ठेवायची असतात. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती नावे देवनागरीत किंवा उर्दू लिपीतही ठेवता येतात. पस्तीस शब्द! तुम्ही तर उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकता. शिवाय एक लिपी उजवीकडून आणि दुसरी डावीकडून वाचता.

याचा अर्थ इंग्रजी शिकू नका, असा मुळीच नाही. या विषयावरील बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत. ती वाचावी लागतील. मीही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. पण इंग्रजी ही वाटेतील एक नदी आहे. ती वाट अडवणारी भिंत नाही. नदी पोहून पार करता येते.

गेल्या काही वर्षांत आणखी एक टप्पा आला आहे. आता साध्या बोलीत सांगितले, तर यंत्रच आज्ञावली लिहून देते. मराठीत सांगा, उर्दूत सांगा, ते लिहिते. मग शिकायचे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ते लिहिलेले बरोबर आहे का, हे कोण पाहणार? आपल्याला नेमके काय हवे आहे, हे कोण ठरवणार? एरियानच्या अभियंत्यांकडे आज्ञावली होती. तिला विचारायचा प्रश्न राहून गेला होता. तो प्रश्न सुचायला विद्या लागते.

आता तुम्हांला एक छोटे काम देतो. वहीत लिहा, बसथांब्यापासून तुमच्या घरापर्यंत कसे यायचे. उर्दूत लिहा किंवा मराठीत. तुमच्या गावात कधीही न आलेल्या माणसाला ते वाचून, वाटेत कोणालाही न विचारता, तुमचे दार सापडले पाहिजे. 'थोडे पुढे' असे लिहू नका. किती पुढे, ते लिहा. 'चौकात वळा' म्हणू नका. कोणत्या हाताला, ते सांगा. वाट बंद असली तर काय करायचे, तेही लिहा. मग ती वही मित्राच्या हाती द्या आणि म्हणा, यात लिहिले आहे तेवढेच कर. तो कोठे अडतो ते पाहा, ती ओळ दुरुस्त करा आणि त्याला पुन्हा चालायला लावा.

तो दारापर्यंत पोहोचला, की तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच अक्षरात त्या वहीत असेल.